पिसारा आणि कुंपण : बंदिस्त मोरांच्या पिसे उपटण्याचा इतिहास

मोर माणसाच्या आवारात वावरू लागला त्याला दोन हजारांहून अधिक वर्षे उलटली, आणि या दीर्घ काळात त्याला पाळण्यामागचे मुख्य कारण त्याचा पिसारा हेच राहिले. अंडी, मांस किंवा सापांचा बंदोबस्त ही प्रयोजने अधूनमधून पुढे आली, तरी त्यांचे स्थान बहुधा दुय्यमच होते. ज्या पिसाऱ्यासाठी हा पक्षी कुंपणाच्या आत आणला गेला, तोच पिसारा बंदिवासात सर्वांत आधी विद्रूप होतो. अपुऱ्या जागेत, उकरण्याजोग्या भुईवाचून आणि दिवसभराच्या उद्योगावाचून राहणारे मोर व लांडोरी एकमेकांची पिसे ओढू लागतात, ओढलेली पिसे कधी खाऊनही टाकतात, आणि क्वचित एखादा पक्षी स्वतःच्याच छातीची पिसे उपटत बसतो. ही खोड पक्ष्याच्या स्वभावातून येते की त्याला दिलेल्या जागेतून, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या काळांनी निरनिराळे दिले आणि त्या उत्तराप्रमाणे उपायही बदलत गेले. कधी आवार बदलले गेले, तर कधी चोच कापली गेली. या उपायांचा इतिहास म्हणजे बंदिस्त प्राण्याविषयीच्या जबाबदारीची माणसाची समज कशी आखडत गेली आणि पुन्हा कशी विस्तारली, याचाच इतिहास आहे.

विषय नीट समजण्यासाठी पिसाऱ्याची रचना आणि पिसे नाहीशी होण्याचे वेगवेगळे प्रकार आधी ध्यानात घ्यावे लागतात. ज्याला सामान्यतः मोराची शेपटी म्हटले जाते ती खरी शेपटी नव्हे. खरी शेपटी 20 आखूड, तपकिरी व ताठ पिसांची असते, आणि नाचाच्या वेळी ती मागून आधार देते. डोळ्यांची नक्षी असलेला लांब पिसारा हा शेपटीच्या मुळाशी पाठीकडून उगवणाऱ्या आच्छादक पिसांचा बनलेला असतो. ही दीडशेहून अधिक पिसे दरवर्षी विणीचा हंगाम सरल्यावर गळतात आणि पुढील काही महिन्यांत नव्याने येतात. भारतात ही गळती पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होते. वाढत्या पिसाच्या नळीत रक्तपुरवठा चालू असतो, त्यामुळे असे कोवळे पीस मोडले किंवा ओढले गेले तर रक्त येते, आणि रक्ताचा लाल ठिपका दिसताच कळपातील इतर पक्षी त्याच जागी टोचू लागतात. याउलट पूर्ण वाढलेल्या पिसाची नळी कोरडी असते. मुळासकट उपटलेल्या पिसाच्या जागी नवे पीस हंगामाची वाट न पाहता उगवू लागते, परंतु मध्येच मोडलेल्या पिसाचा बुंधा पुढील गळतीपर्यंत तसाच राहतो.

म्हणूनच उघडी पडलेली पाठ पाहून लगेच निष्कर्ष काढता येत नाही. हंगामी गळती, जाळीवर घासून झालेली मोडतोड, मीलनाच्या वेळी मोराने लांडोरीच्या डोक्यामागची पिसे चोचीत धरल्यामुळे पडलेले टक्कल, उवा व माइट यांसारख्या बाह्य परोपजीवींचा उपद्रव आणि खऱ्या अर्थाने पिसे उपटणे, या सर्वांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो. खऱ्या उपटण्यातही दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला आक्रमक टोचणीचा. त्यात वर्चस्वासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर व मानेवर वार केले जातात. दुसरा प्रकार शांतपणे, जणू दाणे टिपावेत अशा रीतीने पाठीची, कमरेची व पिसाऱ्याची पिसे ओढण्याचा. भांडण आणि ही थंड डोक्याची उपट या दोन भिन्न गोष्टी आहेत हे कुक्कुटशास्त्राला स्पष्टपणे मांडायला विसावे शतक उजाडावे लागले. तथापि दोन्हींना आळा घालणाऱ्या व्यवस्थेची बरीचशी अंगे त्याच्या कितीतरी आधी प्रत्यक्ष वापरात होती.

भारतात मोराचे माणसाशी असलेले सर्वांत जुने नाते पिंजऱ्याचे नव्हते. कौटिलीय अर्थशास्त्रात राजवाड्याच्या रक्षणाचा विचार करताना साप खाणारे प्राणी म्हणून मांजर, मुंगूस यांच्या बरोबरीने मोर मोकळे सोडावेत असे सांगितले आहे, आणि त्याच ग्रंथात मंगल व विहारासाठीच्या पक्ष्यांत मोराची गणना करून त्यांना संरक्षण दिले आहे. राजाच्या पाकशाळेत मात्र मोराला अभय नव्हते. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात, पूर्वी स्वयंपाकासाठी असंख्य प्राणी मारले जात, आता केवळ दोन मोर व एक हरीण मारले जाते आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, अशी नोंद आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त यक्षाच्या घरच्या बागेत मोरासाठी उभारलेली उंच दांडी आहे, आणि संध्याकाळी तेथे येऊन बसणारा मोर यक्षपत्नीच्या टाळ्यांवर नाचतो. हे वर्णन काव्याचे असले तरी त्यातून पालनाची एक पद्धत दिसते : पक्षी दिवसा मोकळा, रात्री उंचावर, आणि माणसाशी सलगी राखून असलेला. याच काव्यात कार्तिकेयाच्या मोराचे आपोआप गळालेले पीस पार्वती पुत्रप्रेमाने कानावर धारण करते असा उल्लेख आहे. गळालेले पीस उचलावे, जिवंत पक्ष्याचे ओढू नये, ही मर्यादा भारतीय मनात किती खोल रुजली होती याचा तो एक पुरावा मानता येतो.

पश्चिमेकडे गेलेल्या मोराची स्थिती वेगळी होती. तेथे तो परक्या हवामानातला, महागडा आणि चोरीला जाण्याजोगा पक्षी असल्यामुळे कुंपण अपरिहार्य ठरले. इ. स. पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये पायरिलॅम्पिस व पुढे त्याचा मुलगा डेमॉस यांनी मोर पाळले होते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवशी ते लोकांना पाहण्यासाठी खुले असत आणि स्पार्टा व थेसलीसारख्या दूरच्या प्रदेशांतून लोक पक्षी पाहायला आणि अंडी मिळवायला येत, असे वक्ता अँटिफॉन याच्या भाषणाच्या उरलेल्या भागांवरून कळते. त्याच भाषणात बंदिवासाची मूळ अडचण नेमकी पकडली आहे. पक्षी मोकळे सोडले तर उडून जातील आणि पंख छाटले तर सौंदर्य नाहीसे होईल, कारण मोराचे सौंदर्य शरीरात नसून पिसांत आहे, असा त्यातील युक्तिवाद आहे. पुढील काळातील प्रत्येक मोरपालकापुढे हाच पेच उभा राहिला, कारण पिसांसाठी पक्षी कोंडावा तर कोंडण्यानेच पिसे जातात.

ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या वर्णनात मोरासाठी थोडीच जागा दिली, पण ती बारकाईची आहे. मोर सुमारे 25 वर्षे जगतो, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्याला रंग भरतो, झाडांची पाने झडू लागतात तेव्हा त्याची पिसे गळतात आणि पालवीबरोबर परत येतात, असे त्याने नोंदवले. प्रत्यक्षात युरोपातही पिसारा उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच गळू लागतो. तरीही ही गळती वार्षिक आणि नैसर्गिक आहे, तो रोग नव्हे, हे त्याने स्पष्ट केले हे महत्त्वाचे. अंड्यांवर बसलेल्या लांडोरीला मोर त्रास देतो व अंडी फोडतो, म्हणून पाळणारे ती अंडी कोंबडीखाली उबवतात, हेही त्याने लिहिले आहे. जंगलात अंड्यांवर बसलेली लांडोर मोरापासून दूर, झुडपाच्या आडोशाला असते. ती दूर जाऊच शकत नाही अशा आवारातच हा उपद्रव घडतो. बंदिस्त मोरांच्या आपसांतील इजेची ही फार जुनी नोंद म्हणता येईल.

रोमन काळात मोरपालन हा नफ्याचा धंदा झाला. वक्ता हॉर्टेन्सियस याने मेजवानीत मोराचे मांस प्रथम वाढले आणि ऑफिडियस लुर्को याने मोर पोसून विकण्याच्या व्यवसायातून वर्षाला 60,000 सेस्टर्स म्हणजे त्या काळच्या रोमन चांदीच्या नाण्यांत मोठी रक्कम मिळवली, असे रोमन लेखक व्हॅरो सांगतो. एक अंडे 5 दिनार आणि एक पक्षी 50 दिनार अशा किमती त्याने दिल्या आहेत. इतक्या किमतीच्या पक्ष्याची निगा हा साहजिकच गंभीर विषय झाला. व्हॅरोच्या मते मोरांचे घर आतून गुळगुळीत गिलावा केलेले असावे, म्हणजे साप वा अन्य प्राणी आत शिरणार नाहीत. घरापुढे ऊन पडेल अशी मोकळी चरण्याची जागा असावी. आणि दोन्ही जागा स्वच्छ हव्यात, म्हणून राखणदाराने फावडे घेऊन फिरावे व विष्ठा उचलावी, कारण ती शेतालाही उपयोगी पडते.

इ. स. पहिल्या शतकातील कोलुमेला हा या विषयातील सर्वांत तपशीलवार प्राचीन लेखक होय. शक्य असल्यास झाडी असलेल्या छोट्या बेटावर मोर मोकळे ठेवावेत, कारण तेथे चोर नाहीत, हिंस्र प्राणी नाहीत आणि पक्ष्यांना स्वतःचे अन्न स्वतः शोधता येते, असे तो सांगतो. मुख्य भूमीवर ठेवायचे झाल्यास गवत व झाडे असलेले आवार उंच भिंतीने वेढावे, तीन बाजूंना ओसऱ्या काढाव्यात, आणि ओसऱ्यांखाली बोरूच्या कुडांचे स्वतंत्र कप्पे करावेत. रात्री बसण्याच्या दांड्या काढता-घालता येतील अशा असाव्यात, म्हणजे जमीन झाडता येते. एका मोरामागे पाच लांडोरी असे प्रमाण त्याने दिले आहे. पिलांच्या आहारात जवाचे पीठ, चिरलेली कांद्याच्या जातीची पात, पाणी पिळून काढलेले ताजे चीज आणि पाय काढून टाकलेले टोळ यांचा समावेश आहे.

आजच्या शास्त्राच्या नजरेने ही यादी पाहिली तर तिचे मोल कळते. पिसे उपटण्याची जी कारणे आज मानली जातात त्यांतील बहुतेकांवर येथे उपाय आहे : गर्दीवर स्वतंत्र कप्पे, नरांच्या चुरशीवर ठरलेले प्रमाण, परोपजीवींवर झाडलोट, रिकामपणावर गवताळ आवार, आणि प्रथिनांच्या कमतरतेवर चीज व टोळ. कोलुमेलाला प्रथिनांची कल्पना असणे शक्य नव्हते आणि त्याच्या सर्व सूचनांचा हेतू पिसे वाचवणे हाही नव्हता. त्याचा रोख अंडी व पिले वाढवण्यावर होता. परंतु पक्ष्याला जे लागते ते पक्ष्याकडे पाहून ठरवावे आणि जागा त्याप्रमाणे घडवावी ही त्याची रीत होती, आणि त्या रीतीतच पिसाऱ्याचेही रक्षण होते.

मध्ययुगात मोर युरोपातील सरदारांच्या मळ्यांवर प्रतिष्ठेचा पक्षी म्हणून टिकून राहिला. इ. स. 800 च्या सुमाराचा, शार्लमेनच्या काळातील शाही मळ्यांच्या व्यवस्थेचा जो आदेश उपलब्ध आहे, त्यात हंस, मोर, तित्तिर इत्यादी पक्षी मळ्याच्या शोभेसाठी नेहमी ठेवावेत असे कारभाऱ्यांना बजावले आहे. पुढे किल्ल्यांच्या व वाड्यांच्या बागांतून मोर हिंडू लागले. या बागा विस्तीर्ण होत्या. पक्षी दिवसभर हिरवळीवर किडे टिपत फिरत आणि रात्री झाडावर चढत, त्यामुळे कुंपण असूनही पक्ष्याचा दिनक्रम मोडत नसे.

दिनक्रम मोडला तो एकोणिसाव्या शतकात. प्राणिसंग्रहालये आणि खाजगी पक्षिगृहे वाढली, आशियातून येणारे नाना जातींचे तित्तिर व मोर शौकिनांच्या लहान जाळीदार खोल्यांत राहू लागले, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये शोभेच्या कोंबड्यांची प्रदर्शने लोकप्रिय झाली. डार्विनचे लक्ष या पाळीव कळपांकडे याच काळात गेले. सामान्य मोरांच्या कळपात काळ्या खांद्याचे मोर अचानक उपजतात याची चर्चा त्याने 1868 च्या पाळीव प्राणी व वनस्पतींवरील ग्रंथात केली, आणि 1871 च्या ग्रंथात पिसाऱ्याचे स्पष्टीकरण लांडोरीच्या निवडीतून दिले. त्या काळच्या इंग्रज कुक्कुटपालकांनाही पिसे खाण्याची खोड परिचयाची झाली होती, विशेषतः तुरेवाल्या व दाढीवाल्या जातींच्या कोंबड्यांत, कारण तेथे लोंबणारी पिसे समोरच्या पक्ष्याच्या चोचीसमोरच येत. कोंडलेल्या पक्ष्याला हिरवा पाला मिळत नाही आणि काम उरत नाही म्हणून तो हे करतो, ही समज अनुभवी पालकांमध्ये होती. मोर हा कोंबडी व तित्तिर यांच्याच कुळातील पक्षी असल्यामुळे या व्यवसायातील समजुती आणि उपाय मोरांपर्यंत पोहोचले, आणि त्याबरोबर पुढच्या चुकाही पोहोचल्या.

या चुकांचे मूळ एकाच गृहीतात होते. जागा बदलणे खर्चाचे आहे, म्हणून पक्षी बदलावा, असे ते गृहीत. 1903 मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या अँड्र्यू जॅक्सन नावाच्या गृहस्थाने कोंबडीच्या डोळ्यांचे इतरांच्या चोचीपासून रक्षण करणाऱ्या छोट्या चष्म्याचे पेटंट घेतले. नंतर लाल काचांचे चष्मेही विकले गेले, कारण लाल काचेतून रक्त वेगळे दिसत नाही असा त्यामागे तर्क होता. तित्तिरांच्या पैदाशीत चोचीच्या दोन भागांमध्ये अडकवायच्या कड्या आणि समोरचे दिसू न देणाऱ्या झापड्या आल्या. 1930 च्या दशकात अमेरिकेतील ओहायो येथील कृषी संशोधन केंद्रात चोचीचे टोक सुमारे 6 मिलिमीटर कापण्याची पद्धत विकसित झाली. चोचीच्या टोकाला संवेदना नसते अशी तेव्हाची समजूत होती आणि कापलेले टोक पुन्हा वाढत असे. पण 1940 च्या दशकात तापलेल्या पात्याने चोच कापून जखम डागणारी यंत्रे आली, आणि तात्पुरता उपाय कायमचे अंगच्छेदन बनला. हजारो पक्षी एका छपराखाली ठेवणाऱ्या नव्या कुक्कुटपालनात ही यंत्रे सर्वत्र पसरली.

याच काळात शास्त्राने दुसरी वाट धरली होती. नॉर्वेचा थोर्लेइफ शेल्डरुप-एब्बे याने 1920 च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचू शकतो याची ठरलेली उतरंड असते हे दाखवून दिले. पक्षी एकमेकांना ओळखतात, उतरंड ठरली की भांडणे कमी होतात, आणि नवा पक्षी आणला, जागा अपुरी पडली किंवा दाण्याचे एकच भांडे ठेवले की ती पुन्हा विसकटते. मोरांच्या कळपात नवा नर अचानक सोडू नये आणि दुबळ्या पक्ष्याला नजरेआड होता यावे असे आडोसे असावेत, या आजच्या नियमांना आधार देणारे हे संशोधन होय. परंतु उतरंडीने भांडणाचे स्पष्टीकरण मिळाले, शांतपणे चाललेल्या उपटणीचे नाही.

ते स्पष्टीकरण येण्यासाठी आधी लोकांचा दृष्टिकोन बदलावा लागला. 1964 मध्ये रूथ हॅरिसन यांच्या ‘ॲनिमल मशिन्स’ या पुस्तकाने कोंडून केलेल्या पशुपालनाचे चित्र ब्रिटिश वाचकांपुढे ठेवले आणि 1965 मध्ये ब्रॅम्बेल समितीने पाळीव प्राण्यांच्या कल्याणाविषयीचा अहवाल दिला. चोच कापण्याविरुद्ध त्या अहवालाने स्पष्ट भूमिका घेतली. 1985 मध्ये ब्रिटनमधील संशोधनातून कापलेल्या चोचीच्या खुंटात मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात आणि त्यांतून असामान्य संवेदना वाहतात हे सिद्ध झाले. चोचीला वेदना नसते ही अर्ध्या शतकाची समजूत त्यामुळे ढासळली. नॉर्वेने 1974 मध्ये आणि स्वीडनने 1988 मध्ये या प्रथेवर बंदी घातली. मधल्या काळात, 1986 मध्ये, नेदरलँड्सचे हॅरी ब्लॉखाउस यांनी पिसे उपटण्याचा संबंध जमिनीवर टोचण्याशी जोडला : ज्या पक्ष्यांना पेंढा, माती किंवा भुसा मिळत नाही त्यांची टिपण्याची आणि उकरण्याची प्रवृत्ती वाया जात नाही, ती जवळच्या पक्ष्याच्या पिसांकडे वळते. धुळीत लोळण्याची सोय नसण्याशीही काही अभ्यासकांनी ही खोड जोडली. मतभेद राहिले, तरी दोषाचे स्थान पक्ष्याच्या चोचीतून निघून आवाराच्या जमिनीत आले, आणि कोलुमेलाच्या काळातली समज प्रयोगांच्या आधाराने परत आली.

मोरांच्या बाबतीत या उपटणीची किंमत किती हे वेगळ्या संशोधनातून कळले. इंग्लंडमधील व्हिप्सनेड येथे मोकळ्या फिरणाऱ्या मोरांवर मॅरियन पेट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. 1991 च्या निबंधात अधिक डोळ्यांच्या पिसाऱ्याचे मोर लांडोरींना अधिक पसंत पडतात असे त्यांनी मांडले, आणि 1994 मध्ये पिसाऱ्यातील 20 डोळे कापून टाकल्यावर मोराचे मीलनातील यश घटते हे प्रयोगाने दाखवले. 2008 मध्ये जपानमधील दीर्घ अभ्यासात पिसाऱ्याचा भरघोसपणा आणि लांडोरींची निवड यांत असा संबंध आढळला नाही. पुढील अभ्यासांतून असे दिसले की डोळ्यांच्या संख्येतील नैसर्गिक लहानसहान फरक फारसे निर्णायक नसतात, मात्र पुष्कळ डोळे एकदम नाहीसे झाले तर मोर मागे पडतो. उपटलेला पिसारा ही पाहुण्यांच्या डोळ्यांना खुपणारी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही; तो पक्ष्याच्या प्रजननाचे नुकसान करतो, आणि उघड्या त्वचेमुळे थंडी, जखम व जंतुसंसर्ग यांचा धोका वाढवतो.

या सर्व अनुभवातून मोरपालनात जी कार्यपद्धती रुळली तिचा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम पडलेल्या पिसांची मुळे तपासली जातात : आपोआप गळालेल्या पिसाचे टोक कोरडे व बंद असते, ओढलेल्या पिसाच्या टोकाशी रक्ताचा किंवा मांसाचा अंश राहू शकतो. मग पिसांच्या बुडाशी उवांची अंडी किंवा त्वचेवर माइट दिसतात का हे पाहून पशुवैद्याच्या सल्ल्याने उपचार केले जातात. मोराच्या एका उवेला लिनिअसने 1758 मध्येच मोराच्याच नावावरून नाव दिले होते, इतका हा सोबती जुना आहे. रक्त आलेला पक्षी लगेच वेगळा ठेवला जातो, कारण उशीर झाला तर टोचणी खाण्यापर्यंत जाते. टोचणारा एखादाच असेल तर त्यालाच बाजूला काढणे अधिक परिणामकारक ठरते. जखमेवर कडू किंवा डांबरासारखी लेपणे लावण्याची जुनी रीत आजही आढळते, पण ती केवळ वेळ मिळवून देते.

त्यानंतर आहाराकडे वळावे लागते. पीस जवळजवळ संपूर्ण केराटिन या प्रथिनाचे असते आणि केराटिनमध्ये गंधकयुक्त अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे गंधक असलेले घटक, भरपूर लागतात. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या पक्ष्याला, विशेषतः गळतीनंतर दीडशे लांब पिसे एकाच वेळी वाढवायची असताना, ते पुरत नाहीत. म्हणून या काळात प्रथिनयुक्त खाद्य, कीटक आणि हिरवा पाला वाढवला जातो. पिलांच्या बाबतीत उबेच्या पेटीतील अतिउष्णता, झगझगीत प्रकाश आणि दाटी ही तीन कारणे आधी दूर करावी लागतात. शेवटी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवार : मोराला पिसारा पसरून पूर्ण वळता येईल इतकी रुंदी, पिसारा जमिनीला न टेकता बसता येईल इतकी उंच दांडी, लोळायला कोरडी धूळ, उकरायला पाला-पेंढा, झुडपांचे आडोसे, आणि विखरून टाकलेले दाणे किंवा उंच टांगलेला पालेभाजीचा गड्डा, ज्यामुळे चोचीला दिवसभर काम राहते.

भारतात या प्रश्नाला कायद्याची चौकट आहे. मोर 1963 मध्ये राष्ट्रीय पक्षी घोषित झाला आणि 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला पहिल्या अनुसूचीतील सर्वोच्च संरक्षण दिले. त्यामुळे युरोप-अमेरिकेप्रमाणे येथे कोणाला अंगणात मोर पाळता येत नाही, आणि बंदिस्त मोर प्रामुख्याने प्राणिसंग्रहालयांत व जखमी पक्ष्यांच्या बचाव केंद्रांत असतात. 1992 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मोरपिसांना आणि त्यांच्या वस्तूंना देशांतर्गत व्यवहाराच्या काही निर्बंधांतून अधिनियमाने सूट दिली; ती पिसे गळालेलीच असतात या विश्वासावर ही सूट उभी आहे. महाराष्ट्रात पहाटे दारोदार जाणाऱ्या वासुदेवाची उंच टोपी मोरपिसांची असते आणि देवावर ढाळायचे मोरचेल याच पिसांचे बनते. या परंपरा रानात पडलेली पिसे वेचण्यातून वाढल्या. मागणी वाढली की जिवंत किंवा मारलेल्या पक्ष्याची पिसे त्यांत मिसळण्याचा धोका निर्माण होतो, आणि तेव्हा तपासणाऱ्याला पिसाचे मूळच पाहावे लागते. राखणदार आणि कायद्याचा अधिकारी दोघेही पिसाला एकच प्रश्न विचारतात : ते गळाले की ओढले गेले?

शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली किंवा बीड जिल्ह्यातील नायगावचे मयूर अभयारण्य येथील मोर शेताच्या बांधांवर, चिंचेच्या झाडांखाली आणि माळावर दिवस काढतात. बिया, कोंब, किडे, पाली, लहान साप टिपत त्यांचा बहुतेक वेळ चालण्यात आणि उकरण्यात जातो. तेथेही विणीच्या हंगामात नर भांडतात, पण हरलेल्याला पळायला जागा असते. बंदिस्त मोराच्या आवाराचे माप याच जीवनावरून घ्यावे लागते. आवार रानाइतके मोठे करता येत नाही, परंतु रानात पक्षी जे करतो त्यातील किती गोष्टी तो आत करू शकतो हे मोजता येते आणि वाढवताही येते.

मोरपालनाच्या इतिहासाचा कौल यातून स्पष्ट होतो. चष्मे, कड्या, झापड्या आणि तापलेली पाती यांनी चोच निकामी केली, पण ज्या गरजेमुळे चोच पिसाकडे वळत होती ती गरज तशीच ठेवली; म्हणून हे उपाय प्रत्येक नव्या पिढीवर पुन्हा करावे लागले. जागा, जमीन, आहार आणि सोबत यांत केलेल्या सुधारणा मात्र कारणालाच हात घालतात आणि पुढच्या पिढ्यांनाही उपयोगी पडतात. पक्ष्याला कोंडण्याचा निर्णय माणसाचा असतो, त्यामुळे कोंडण्याने उपजलेल्या खोडीचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच येते, आणि ते निभावण्याची सुरुवात पक्ष्याला शिक्षा करण्याऐवजी त्याच्या आवाराची कसून तपासणी करण्यातून व्हावी लागते. ज्या प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात मोरांच्या पाठी उघड्या पडलेल्या दिसतात, तेथील व्यवस्थापनाने तो स्वतःच्या कामकाजावरचा शेरा समजावा आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करावी, हीच या दीर्घ अनुभवाची शिकवण आहे.